बाबा हरू लागले त्याची हकिकत

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (खरोखर साष्टांग, गेला महिनाभर मी टेबलाखाली वायरी हुडकत आडवीच आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सर्व खुशाल, असं लिहिणार होते, पण तुला खोट्याचा वास लगेच येतो, म्हणून सरळ गुन्ह्यावरच येते.

बाबांचा तो पिवळा पडलेला कॉम्प्युटर आठवतो ना? दुपारचं जेवण झालं की त्याच्याशी रोज बुद्धिबळाचा एक डाव, आणि रोज बाबांची जीत. तीस वर्षं हरून हरून शेवटी त्याने जीव दिला (कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं). बाबा इतके उदास झाले की मला शहाणपण सुचलं. इम्युलेटर नावाचा प्रोग्राम असतो, तो नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावतो, आणि जुन्या खेळाला वाटतं आपण अजून आपल्याच घरी आहोत. तो मी माझ्या लॅपटॉपवर बसवला. वेग किती ठेवू, असं त्याने विचारलं. मी 'कमाल' निवडलं. (किमान कोण निवडतं, तूच सांग.)

त्या दिवसापासून बाबा हरतायत. झालंय असं, की हा खेळ प्रत्येक खेळीला तीस सेकंद विचार करतो. पूर्वी तेवढ्यात तो बिचारा दोन-तीन खेळ्या पुढचं पाहायचा, आता तेवढ्याच वेळात दहा खेळ्या पुढचं पाहतो. बाबा पडले घड्याळजी. त्यांनी स्टॉपवॉच लावून पाहिलं. बरोबर तीस! म्हणजे खेळ तोच, वेळ तीच, तेव्हा बिघाड आपल्याच डोक्यात, असा त्यांनी निकाल लावून टाकला. आता गिऱ्हाइकांची घड्याळं न उघडताच परत करतात. परवा एका बाईंना म्हणाले, "नको, माझ्या हातून एखादा स्क्रू हरवेल." मी समोरच उभी होते, वायर गुंडाळत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी गप्प बसले ते बाबा ओरडतील म्हणून. आता ते कशालाच ओरडत नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

ते फक्त तुझं ऐकतात (लहानपणी तू पिळलेला कान अजून चाचपतात). तेव्हा फोन करून तूच सांग, की पोरीने वेग चुकवला, तुझं डोकं शाबूत आहे.

तुझी आगाऊ भाची

ता. क. हे सोमवारी लिहिलं, पण पाठवायला लाज वाटली. त्याऐवजी गुपचूप वेग जुन्या कॉम्प्युटरइतका करून ठेवला. आता बाबा जिंकतील आणि अळीमिळी गुपचिळी. फोन करू नकोस.

ता. क. दुसरा. आज शनिवार. पाच डाव झाले, पाचही बाबा हरले. काल त्यांनी मला विचारलं, घोडा कसा चालतो गं? विचारून हसले, पण उत्तराची वाट पाहत राहिले. आत्या, तू ये. डॉक्टरकडे माझ्याबरोबर येणार नाहीत, तुझ्याबरोबर येतील. वेगाचा आकडा मी दिवसातून चारदा तपासते, अजूनही माझीच चूक निघावी म्हणून.