अण्णांची लांब गाडी

६ फेब्रुवारी
गाडी परत घासली! डाव्या दारापासून मागेपर्यंत ओरखडा. अण्णा म्हणाले, फाटक कुणीतरी अर्धं लोटलं होतं. फाटक सताड उघडं होतं. मी अंगणातच उभी होते.

९ फेब्रुवारी
रोज सकाळी अण्णा मला नेकनूरहून बीडला कामावर सोडतात. आज पुलाजवळ कडब्याची बैलगाडी पुढं होती. अण्णांनी वेग कमी केलाच नाही. मी किंचाळले तेव्हा ब्रेक दाबला. मग हसून म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. ऊन आमच्या पाठीवर होतं.

१० फेब्रुवारी
आता मी वाटभर रस्ताच बोलत बसते. अण्णा, गतिरोधक आला. अण्णा, शेळ्या. गप्पा मारल्यासारखं.
संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, तुझ्या वडिलांना गाडी सोडा म्हणणं म्हणजे कोपऱ्यात बसा म्हणणं, माझ्यानं होणार नाही. तू सांग.
मी कशी सांगू?

१३ फेब्रुवारी
मला गाडी शिकवा, असं विचारून पाहिलं. "मी हाय की," म्हणाले. संपलं.

१७ फेब्रुवारी
शेजारच्या नाजियाला नववा महिना. डॉक्टरांनी बसून प्रवास नको म्हणून सांगितलंय. मागची शिटं पाडून माणूस आडवा झोपवता येतो अशी लांब गाडी गल्लीत आमचीच. तिचा नवरा रईस विचारायला आला. अण्णांनी शब्द दिला – कधीबी हाक मार. रईसनं त्यांचे हात धरले. मी बोलायला तोंड उघडलं, आणि चहा ठेवायला आत गेले.

२० फेब्रुवारी
रईसला एकट्याला गाठून सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
दुपारी नाजियाला कळा सुरू झाल्या. रईस फळं विकायला बीडच्या बाजारात गेलेला. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली, वाट बघा म्हणाले. अण्णांनी गाडी काढली. कुणी अडवलं नाही. मीही नाही. आई मागे नाजियाजवळ बसली, मी पुढं.
घाटात एक ट्रक बंद पडून उभा होता. मी म्हटलं, ट्रक. अण्णा म्हणाले, "कुठं?"
एवढा मोठा ट्रक!
मी स्टेअरिंग ओढलं. आरसा तुटून गेला, गाडी खडीवर घसरत थांबली. मागून कण्हण्याचा आवाज आला, मग आईचा – ठीक हाय, चला. अण्णांचा चेहरा पांढराफटक. पुढं शहरातल्या दवाखान्यापर्यंत मी बोलत राहिले. हळू. डावीकडं. सरळ. आता थांबा. ते मान हलवत ऐकत होते.
मुलगी झाली. दोघी सुखरूप. रईसनं अण्णांना मिठी मारली, तुमच्यामुळं वाचल्या म्हणाला. अण्णा भिंत चाचपत बाकावर जाऊन बसले.

२३ फेब्रुवारी
काल गाडी दवाखान्यातच ठेवून एसटीनं परतलो. निघताना अण्णांनी आपणहून किल्ली रईसच्या हातात दिली. आज बाळ पाहायला गेलो, तेही एसटीनंच. रईसनं बाळ अण्णांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिच्या कपाळावरून, नाकावरून हळूच बोट फिरवलं. मला म्हणाले, "कशी दिसती ही?" मी सांगितलं. मग हळू आवाजात,
"आन् तू, राजनंदिनी? दिवाळीपासून तुजं तोंड दिसलं न्हाई मला."