गेट म्हणजे फाटक नव्हे

३ मार्च, सोमवार
आजपासून शिकवणी! सून घरात येऊन दोन महिने झाले. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी. मुलगा कामावर गेला की घरात आम्ही दोघी आणि हातवारे. शेवटी शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंचं दार वाजवलं. त्या म्हणाल्या, एकच क्रियापद घोटा — 'गेट'. त्यावर अर्धा संसार निभतो.
मला आजवर गेट म्हणजे फाटक एवढंच ठाऊक.

५ मार्च
गेट म्हणजे मिळणे. आणणे. होणे. पोचणे. समजणेसुद्धा. एका शब्दानं किती ठिकाणी राबायचं! गेट अप म्हणजे उठणे, आणि आपण म्हणतो तो गेटअप म्हणजे नटणे. मी उठते खरी, नटायला वेळ कुणाला आहे?
माझ्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला निघताना "गेट वेल" म्हटलं. गृहस्थ गोंधळले. त्यांच्या चष्म्याची फक्त दांडी मोडली होती.

९ मार्च, रविवार
सून पोहायला शिकवते. तलाव दुरुस्तीसाठी बंद, म्हणून चार दिवस खिडकीशी बसून आहे. चेहरा एवढासा झालाय. मुलाला म्हटलं, तिला जरा बाहेर ने. तर म्हणे, कामातून मान वर करायला सवड नाही. लग्न करायला बरी सवड झाली!

१३ मार्च, गुरुवार
आज जे केलं ते लिहायचीही लाज वाटते.
सकाळी ती पुन्हा खिडकीशी. मी विचार केला — गेट म्हणजे जाणे, आउट म्हणजे बाहेर. जा बाई, चार लोकांत मिसळ, वारा खा. तिची पिशवी तिच्या खांद्याला अडकवली, दार उघडलं आणि आवाजात होती नव्हती तेवढी माया ओतून म्हटलं, "गेट आउट."
ती पांढरीफटक पडली. चपला घालून निघून गेली. मी आपली खुशीत दुकानात.
दुपारी मुलाचा फोन. ती मैत्रिणीकडे होती, रडून डोळे सुजलेले.
"आई, तू तिला घराबाहेर काढलंस?"
हातातल्या चष्म्याच्या नव्या काचेवर ओरखडा उठला.
मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग नवं वाक्य दिलं — "आय केम टू गेट यू", म्हणजे तुला न्यायला आले. ते वाटभर घोकत गेले. मैत्रिणीनं दार उघडलं, मागे सून. तिचे डोळे बघितले आणि पाठ केलेलं सगळं पार धुऊन निघालं. तोंडातून आलं ते असं: "आय विल गेट यू."
त्याचा अर्थ म्हणे — बघून घेईन तुला!
मैत्रीण दोन पावलं मागे सरकली. मग सून हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून हसली. मी मात्र रडले. मी आभाळाकडे बोट दाखवलं, मोठा श्वास घेतला, हात हलवून चालायची नक्कल केली. सकाळी काय म्हणायचं होतं ते तिला तेव्हा कळलं. येताना रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

१४ मार्च
मास्तरीणबाईंनी 'गेट'ला आठवडाभर रजा दिली आहे.

१८ मार्च, मंगळवार
आता तीही माझ्याकडून मराठी शिकतेय, आणि आज तिनं उट्टं काढलं. "आई, लागणे म्हणजे काय?"
सांगत सुटले — भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, वेड लागतं, शेवटी दारही लागतं. ती वहीत उतरवत होती. मग वही मिटून गंभीरपणे म्हणाली, "आई, माझं डोकं लागलं."
मी दुरुस्त केलं नाही. बरोबरच वाटलं.

३० मार्च, रविवार
मुलाला बढती मिळाली, दुसऱ्या गावी. दोन वर्षं. दोन दिवस मी मनाची तयारी करत होते की आता ही दोघं जाणार. आज ती स्वयंपाकघरात आली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तो जातो. तलाव इथे. तुम्ही इथे. मी नाही जात."
मुलगा आत एकट्याची बॅग भरतोय आणि मला विचारतोय, तू नक्की कुणाची आई?