रोटरवरची चीर

नाना, तुमची गाडी मी देऊन टाकली. हे तुम्हाला कधीतरी सांगावं लागणार, हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण सांगायला बसले ती आज. तुम्ही गेलात त्या वयाची मी यंदा झाले. चष्मा लागलाय, गुडघे कुरकुरतात, आणि अजूनही रस्त्यावरून एखादी जुनी गाडी गेली की तिचा प्लग मिस मारतोय हे मान न वळवता कळतं. ते तुमच्यामुळे. बाकी जे सांगायचंय ते माझ्यामुळे झालं, म्हणून जरा सावकाश लिहिते.

आपण धुळ्याहून सिल्वासाला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. सामरवरणीच्या सुताच्या कारखान्यात तुम्ही फिटर, आणि कारखान्यामागच्या चाळीत आपल्या दोन खोल्या. शेठ मुंबईचे. त्यांची ती लाल, बुटकी, विलायती स्पोर्ट्स कार, वर कापडी टप, आत दोनच सीटा. शनिवारी ते हायवेनं सुसाट यायचे आणि गेटाशी वळताना गाडीचं बूड दगडांवर खरखरायचं. इतकी पळवली होती त्यांनी की मैलांचे पाचही आकडे दोनदा भरून शून्यावर आले होते आणि तिसऱ्यांदा भरत आले होते. एकदा भिलाडजवळ इंजिन जाम झालं. शेठ म्हणाले, भंगारात घाला. तुम्ही म्हणालात, मला द्या. शेठ हसले. "फिटर, इसका पार्ट लंडन में भी नहीं मिलेगा." "मिलेगा नहीं तो बनाएगा," असं म्हणून तुम्ही ती ट्रॅक्टरला बांधून चाळीसमोर आणलीत. आई उंबऱ्यात उभी होती. तिनं गाडीकडे बघितलं, मग आपल्याकडे. "माणसं तीन आणि सीटा दोन. मी कुठं बसू?" तुम्ही बॉनेट उघडायला लागलात. तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढं बारा वर्षं त्या दुसऱ्या सीटवर मी बसले.

ती गाडी तुम्ही चालवलीत त्याहून जास्त उघडलीत. दर रविवारी काहीतरी सुटं व्हायचं. बुश तुम्ही जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या लेथवर काढायचात, गॅस्केट कॉर्कच्या शीटमधून कापायचात, कार्बुरेटरचा फ्लोट गळायला लागला की त्याला झाळून परत पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचात. आपल्याकडच्या रस्त्यांवर बूड आपटायचं म्हणून खालून जाड लोखंडी पत्रा जोडलात, तर गाडी जड झाली आणि चढावर धापा टाकू लागली. पावसाळ्यात आत घोटाभर पाणी. पेट्रोल पंपावरचा काका मला बघून दरवेळी म्हणायचा, "बेन, आ गाडी छे के होडी?" तुम्ही हसायचात. कारखान्यात तुम्हाला कधी हसताना बघितलं नव्हतं मी. आईचा राग कशावर होता ते मला उशिरा कळलं. गाडीवर नव्हताच तो. तिच्यासमोर इतकं हसू तुम्ही कधी आणलं नव्हतं.

मी आठवीत असताना खानवेलच्या रस्त्यावर ती अचानक बंद पडली. स्टार्टर फिरतोय, पेट्रोल येतंय, इंजिन काही पकडत नाही. तुम्ही डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलंत, आतला सुपारीएवढा रोटर माझ्या तळहातावर ठेवलात. चारही प्लगांना वीज वाटणारा तो तपकिरी तुकडा. म्हणालात, "बोट फिरव. लागतं काही?" नाही म्हटलं. "आता उन्हाकडे धर." धरला, तर केसासारखी एक रेघ. "ही चीर बोटाला लागत नाही माय, डोळ्यालाच दिसते. वीज मोठी चोरटी, एवढ्या फटीतून पळते." तुम्ही मला माय म्हणायचात. शेठच्या भाच्यानं परदेशातून नवा रोटर आणून दिला, आणि चिरलेला बिस्किटांच्या डब्यात गेला, कारण तुम्ही काही टाकत नव्हता.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आले तेव्हा तुमचे डोळे जायला लागले होते. वलसाडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं आधी गेलं, मग मधलंही धूसर झालं. कारखान्यात त्यामुळे फारसं अडलं नाही. तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवून मूठ कानाला लावायचात आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचात. शेठ म्हणायचे, इस आदमी को आँख की जरूरत नहीं. ते ऐकून तुम्ही गाडीही तशीच चालवत राहिलात.

रांध्याच्या रस्त्यावर ते झालं. सकाळची वेळ होती, ऊन डोळ्यांवर नव्हतं, हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही नंतर आईला ऊन म्हणून सांगितलंत. डाव्या कडेनं एक वारली बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेली. मला ती केव्हाची दिसत होती. मला वाटलं तुम्हालाही दिसतेय. गाडी कडेला सरकत गेली तेव्हा मी स्टेअरिंग धरून ओढलं. आरसा भाऱ्याला लागला, बाई चरात पडली. पुढं जाऊन गाडी थांबली आणि तुम्ही मला विचारलंत, "काय व्हयनं? दगड व्हता का?"

दगड नव्हता, नाना. ती चरातून उठली, गुडघा सोललेला, आणि तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. "दिसत नाय का तुला?" तुम्ही खाली बसून हातानं चाचपत तिचं गवत गोळा करत राहिलात, आणि जिथं गवत नव्हतं तिथंही चाचपत होता. भारा मी बांधून दिला. ती लंगडत गेली. परत येताना गाडी मी चालवली आणि तुम्ही बाजूच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलात. मला वाटलं, संपलं.

पुढच्याच रविवारी तुम्ही काच पुसून किल्ली घेऊन निघालात.

"नाना, मी चालवते. तुम्ही बाजूला बसा."

"ती कानावर चालते. माझे कान शाबूत आहेत."

"त्या बाईचं काय झालं असतं?"

"नाही ना झालं?" इतकंच म्हणून तुम्ही गेलात. दीड तास. आई आणि मी ओट्यावर बसून राहिलो. तुम्ही सुखरूप आलात तेव्हा आई आत जाऊन भाकरी थापायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाचा तरी जीव जाईल गं. त्यांचा नाही तर दुसऱ्याचा. माझं ते ऐकत नाहीत. तू काहीतरी कर."

मी केलं. दुपारी तुम्ही जेवून झोपला होता. झाकणाच्या दोन क्लिपा, रोटर वर ओढायचा, बिस्किटांच्या डब्यातला चिरलेला बसवायचा. तुम्हीच शिकवलेलं, दोन मिनिटांचं काम. चांगला रोटर रुमालात गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवला. किल्ली लपवली असती तर तुम्ही मागितली असती. वायर तोडली असती तर हाताला लागली असती. मी विचार करून केलं, नाना. हेच वाईट आहे.

संध्याकाळी गाडी सुरू झाली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पॉइंट घासलेत. मग कंडेन्सर बदललात, मग कॉइल. कार्बुरेटर उघडून मांडलात, प्लग धुऊन वाळवलेत. प्रत्येक वेळी मी पाना हातात देत होते आणि प्रत्येक वेळी तुम्ही म्हणत होता, "आता पकडेल." चौथ्या दिवशी तुम्ही रोटर काढलात. त्यावर अंगठा फिरवलात. मग तो उजेडाकडे धरलात, डोळ्यांच्या अगदी जवळ, मान वाकडी करून. आणि तो माझ्या हातात दिलात.

"देख बरं माय, चीर शे का?"

मी बघितलं. चीर होती. तशीच, केसासारखी.

"नाही, नाना."

"नीट देख."

"नाही. चांगला आहे."

तुम्ही तो परत बसवलात आणि पुन्हा कधी काढला नाहीत. बाकी सगळं चार-चार वेळा तपासलंत, रोटर नाही. तो मी बघितला होता ना.

मला वाटलं होतं, आठ-दहा दिवस चिडाल आणि गाडीचा नाद सोडाल. तुम्ही चिडलाच नाहीत. गाडीशेजारी पाट टाकून बसून राहायला लागलात. मग ते कारखान्यात पोहोचलं. मशीनला कान लावायचात, बेअरिंग सांगायचात, आणि पाच मिनिटांनी परत येऊन पुन्हा कान लावायचात. एकदा चांगलं चाललेलं मशीन बंद करायला लावलंत. एकदा जाणारं बेअरिंग चांगलं म्हणालात आणि ते त्याच पाळीत गेलं. कुणी बोललं नाही तुम्हाला. तुम्हीच शेठकडे जाऊन सांगितलंत, मला आता मशीन समजत नाही. त्या दिवशी डबा न उघडता घरी आलात आणि मला म्हणालात, "मना हात ग्या वं माय."

हात गेला म्हणालात; माझ्या मनात तर तुमचे डोळे होते. मला गाडी थांबवायची होती. हात तर मी तुमचाच शिकले होते, त्याला मी कशाला हात लावीन? पण लागला. रोज सकाळी शिवणाचा डबा उघडत होते, रुमाल सोडत होते, बांधत होते. रोटर परत बसवला तर तुमचा हात परत येईल आणि रांध्याचा रस्ताही. सांगून टाकलं तर तुम्ही ओरडाल आणि मग स्वतःच बसवून निघाल. दोन्हीकडून विचार करून मी डबा बंद करत होते. असे सात महिने गेले. एकविसाव्या वर्षी मला कुणी विचारलं असतं की काय करू शकतेस, तर मी सांगितलं असतं, पाना देऊ शकते.

मग तुमच्या छातीत दुखलं. सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुम्ही जरा बरे होता. आई चहा आणायला गेली होती. तुम्ही विचारलंत, "काय व्हतं वं तिले?" तिले म्हणजे गाडीला, हे मला विचारावं लागलं नाही.

"कॉइल होती, नाना. बदलली. आता चालू आहे."

"कॉइल तर मी बदलली होती."

मला ते आठवलंच नव्हतं. मी म्हटलं, "तीच खराब निघाली. नवी असून."

तुम्ही छताकडे बघत होता. मग मान हलवलीत. "असं व्हस. नवा माल खराब निघस." आणि तुमचा चेहरा जरा सैल झाला. दोष मालाचा होता, हाताचा नव्हता. ते एक खोटं मी बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर मी चांगला रोटर बसवला. बॅटरी उतरली होती, ती चार्ज करून आणली. पहिल्या किल्लीला इंजिनानं पकडलं. आई आतून धावत आली, हाताला पीठ. ती गाडीकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे.

"म्हणजे चांगलीच होती?"

"हो."

"सगळा वेळ?"

मी रोटर आणि रुमाल आणि सगळं सांगितलं. तिनं इंजिन बंद करायला सांगितलं. पदराला हातांचं पीठ पुसत म्हणाली, "मीच म्हटलं होतं तुला, काहीतरी कर." मग, "पण सांगायचं होतंस गं नंतर. ओरडले असते. ओरडले असते तर ओरडले असते." त्या रविवारी ती पहिल्यांदा त्या दुसऱ्या सीटवर बसली. आम्ही नरोलीपर्यंत जाऊन आलो.

पुढची चार वर्षं गाडी मी सांभाळली. टप फाटला, मी तो चाळीतल्या शिंप्याकडून शिवून घेतला. वापीहून क्लचला नवं अस्तर लावून आणलं. गलोंड्याच्या रस्त्यावर एकदा पाचही आकडे तिसऱ्यांदा भरले आणि शून्य झाले, तेव्हा मी एकटीच होते, आणि कडेला थांबून काय करायचं ते न कळून परत निघाले. शेवटी क्रँक तुटला. तो लेथवर होत नाही. वापीच्या एका गॅरेजवाल्यानं विचारलं, सुट्या भागांसाठी देता का? मी दिली. तो ती ट्रकवर चढवत असताना मी आत जाऊन भांडी घासली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला समजतं. तरी एक गोष्ट आईलाही सांगितली नाही, ती लिहून ठेवते. त्या पहिल्या संध्याकाळी, तुम्ही बॉनेटमध्ये वाकला होता आणि तुम्हाला सापडत नव्हतं, तेव्हा भीती आणि दया यायच्या आधी, अगदी थोडा वेळ, मला आनंद झाला होता. तुमच्या गाडीतली अशी एक गोष्ट होती, जी मला माहीत होती आणि तुम्हाला नाही.