पयली भाकर भुऱ्याचीच

नागपूर, ऑक्टोबर १९७६

माय, तुले अन् तुह्या दुखऱ्या गुडघ्याले लिलाचा जयभीम.

भुऱ्याले इथं आनलं ते बरं झालं. जनावराच्या दवाखान्यात त्याले दर हप्त्याले सुई देऊन राह्यले. कॅन्सरची गाठ लिंबाएवढी होती, आता बोराएवढी हाय. मिशा झडल्या, पन शेपूट हालवते. दूध ओकते, मंग पुन्हा पाजा लागते.

शेजारीन म्हने, "गावठी कुत्र्यासाठी कायले मरून राह्यली वं?" म्या म्हटलं, "आमच्या जवारीतले रानडुकरं यानं हाकलले, तुमी नाई."

डाक्टर म्हने, गॅरंटी नाई. म्याबी मांगतली नाई.

कदीमदी भुऱ्या दाराकडे पाहत बसते. तू आली असं वाटत असन त्याले.

शेषरावभाऊ, हे पुढचं मायले मोठ्यानं वाचून दाखव. तुमी नवं पिल्लू आनलं, अन् तव्यावरची पयली भाकर आता त्याले घालता, असं तू लिहिलं. पिल्लू राहू द्या, त्याले दुसरी घाला. पयली भुऱ्याच्या नावानं काढा. संध्याकाळी गाईले द्या, पन दुसऱ्या कुत्र्याले नाई.

त्या भाकरीचा खानारा बरा होऊन घरी येऊन राह्यला.

तुही हट्टी लेक,
लिला