रबरी पिशवी कापून टाकावी

मी, उल्जान तोकोन कीझी, वय सहासष्ट, राहणार जलालाबाद, झऱ्याच्या सॅनेटोरियममधली निवृत्त नर्स, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोळे पिवळे झालेत, अंगात ताप आहे, पण डोके ठिकाणावर आहे. पित्ताचा खडा नळीत अडकला आहे. उद्या ओशच्या मोठ्या इस्पितळात तोंडातून दुर्बीण घालून तो काढणार. पोट फाडायचे नाही, म्हणून काही होणार नाही, असे सगळे म्हणतात. मला भीती वाटते.

१. घर, जर्दाळूची सहा झाडे आणि शिलाई मशीन मुलगी नुरझात हिला. तिच्याही पित्ताशयात खडे आहेत. बारीक आहेत, गोळ्यांनी विरघळतील, पण कित्येक महिने लागतील, असे डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांत कंटाळली. म्हणे, "आई, तुझी ती रबरी पिशवी दे ना. एका सकाळीत सुटेन." गोळ्या पुऱ्या होईपर्यंत घराची किल्ली शेजारच्या कान्देयकडे राहील. रडलीस तरी.

२. ती पिशवी कोणालाही देऊ नये, कापून टाकावी. तीस वर्षे मी लोकांना झऱ्याचे कोमट पाणी पाजून, उजव्या कुशीवर निजवून, बरगडीखाली ती गरम पिशवी ठेवत आले. 'यकृत धुणे' म्हणतो आम्ही. खडे असतील तर करायचे नाही, म्हणून आधी तपासणीचा कागद बघायचा. थोरल्या बहिणीचा, बातमाचा, मी बघितला नाही. घरच्या माणसाकडे कागद काय मागायचा! ती म्हणाली, "उल्जान, फार दुखतंय गं." मी म्हटले, "सुटतंय ते. गप पड." तासभर गप पडली.

खडा सरकून नळीत अडकला. नवव्या दिवशी ती गेली. मी सगळ्यांना हृदयविकार सांगितला. तिचे यजमान, सापार भावोजी, मातीच्या दिवशी चारचौघांत म्हणाले, "तूच मारलीस तिला." अकरा वर्षे मी त्यांना वेडे ठरवले. ते खरे बोलत होते.

गेल्या सोमवारी, मला खडे आहेत हे ठाऊक असून, मी स्वतःला तीच पिशवी लावली. काही झाले नसते, तर बातमाच्या वेळी माझी चूक नव्हती असे ठरले असते.

३. भावोजींना काही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार तेच हवेत.

जलालाबाद, १४ मे २०१९
उल्जान तोकोन कीझी (सही)

साक्षीदार:
१. कान्देय असान कीझी (सही)
२. सापार ओमुर उलू (सही). दोनदा वाचले. उल्जान, कागदावर लिहून सुटू नकोस. परत ये आणि माझ्या अंगणात, त्याच लोकांसमोर, तोंडाने बोल. ओशला गाडी मी नेतो.