इकडचं तिकडे

प्रिय जिभाऊ,

माय माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी चहाचा कप समोर आदळला आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "काय सांगनं व्हई ते तुन्हा बापले सांग." आता तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, हे काय तिला माहीत नाही? पण मीही तुमचीच पोर. म्हटलं, बरं, बापाला सांगते. रविवार आहे, शाळेला सुट्टी. मुलांच्या वह्या बाजूला सारल्या आणि लिहायला बसले.

पत्र शाळेच्या मराठीत आहे म्हणून हसू नका. अहिराणी मला तोंडानं येते, हातानं येत नाही.

आधी एक सांगा, तुम्हाला 'टिंब' म्हटलेलं चाललं असतं का? कारण मागच्या महिन्यात एक डॉक्टरीणबाई घरी येऊन तुम्हाला टिंब म्हणून गेली!

तरुण मुलगी होती, मेडिकल कॉलेजातून आलेली. ज्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय अशा पेशंटांचं त्यांचं काहीतरी संशोधन चाललंय. मला वाटलं, गोळ्या-औषधांचं विचारेल. छे! तिनं ओसरीवर मोठा कागद पसरला आणि विचारलं, "जिभाऊंच्या आजारात कोण कोण होतं? आणि त्यातलं कोण कोणाशी बोलत होतं?" बस, एवढंच. कागदाच्या मधोमध तिनं एक टिंब काढलं आणि खाली तुमचं नाव लिहिलं.

मी सांगत गेले. नंदुरबारचे हार्टवाले डॉक्टर. त्यांच्याकडे तुम्हाला मी नेत होते. तिनं एक टिंब काढलं आणि तिथून तुमच्यापर्यंत रेघ मारली. मग सुरतेचं मोठं हॉस्पिटल. तिथंच राहणाऱ्या धाकल्या भावानं नेलं होतं, म्हणून त्याला फोन लावला. आणखी एक टिंब, आणखी एक रेघ. मग माय चहा घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "आनि गावना डॉक्टर. गुडघाना गोया तोच दे ना." तिसरं टिंब, तिसरी रेघ.

मी चमकले. गुडघ्याच्या गोळ्या?

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. तिनं फोनवरच धाकल्याला विचारलं. तो म्हणाला, "सुरतच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या बंदच करायला सांगितल्या होत्या. दुखण्याच्या गोळीनं अंगात पाणी साठतं, किडनीवर ताण येतो, म्हणाले. कोण देतंय असं विचारलं तर जिभाऊ म्हणाले, मीच मेडिकलवरतीन लेस."

मीच मेडिकलवरतीन लेस! स्वतःच विकत घेतो म्हणे! जिभाऊ, धडधडीत खोटं? तुम्ही?

इकडे नंदुरबारचे डॉक्टर माझ्यासमोर डोकं धरून बसायचे. पाण्याची गोळी वाढवली तरी सूज का उतरत नाही? मीठ बंद, पापड-लोणचं बंद, पाणीसुद्धा मोजून, मग हे पाणी येतंय कुठून? मी आपली तुमच्या ताटावर डोळा ठेवून. तुम्ही समोर बसून गरीब गाईसारखे मान हलवायचे. आणि संध्याकाळी गावच्या दवाखान्यातून गुडघ्याच्या गोळ्या खिशात घालून यायचे.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "या तिघांपैकी कोणी एकमेकांना कधी फोन केला? चिठ्ठी दिली?" आम्ही मायलेकींनी नकारार्थी माना हलवल्या. फोनवरून धाकलाही नाही म्हणाला. कागदावर सगळ्या रेघा तुमच्याकडे येत होत्या. बाजूच्या टिंबांना जोडणारी एकही नव्हती. ती म्हणाली, "आम्ही याला जाळं म्हणतो. असं जाळं काढलं की कुठली रेघ नाही ते दिसतं. इथं सगळा भार मधल्या टिंबावर आहे. म्हणजे जो आजारी, त्याच्यावरच."

तिला काय माहीत, मध्ये कोण बसलं होतं ते!

उभ्या पंचक्रोशीत सोयरीक जुळवायची तर जिभाऊ पाहिजेत. का? तर जिभाऊ इकडचं तिकडे करत नाहीत. आठवतंय? कोरीटकडच्या एका पाहुण्यांनी मुलीच्या घरून निघताना नाक मुरडलं होतं, "यास्ना चहा म्हंजे नुसतं पानी." मुलीच्या बापानं तुम्हाला कोपऱ्यात घेऊन विचारलं, पाहुणे काय म्हणाले? तुम्ही म्हणालात, "चहानी आठवन काढी त्यासनी." बापानं खुशीत आणखी एकदा चहा टाकला. आणि पाहुण्यांना तुम्ही जाऊन सांगितलंत, घर साधं आहे, माणसं मनाची श्रीमंत आहेत. ते जोडपं आज धान्याच्या दुकानात एकत्र बसतं आणि अजून पातळच चहा पितं.

असे किती संसार तुम्ही उभे केलेत. याच्या तोंडचं कडू त्याच्या कानावर जाऊ दिलं नाही. लोक तुमच्याजवळ मन मोकळं करायचे आणि निर्धास्त झोपायचे. मला केवढा अभिमान होता त्याचा!

पण डॉक्टर म्हणजे काय व्याही होते का हो? त्यांच्यात कसली रुसवाफुगवी होणार होती?

मायला विचारलं, तेव्हा तिनं तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "गावना डॉक्टर आपला मानूस शे. त्याले सोडीसन मी नंदुरबारले गऊ, सुरतले गऊ, असं त्याले समजनं तर वाईट वाटी. त्याले सांगू नको." आणि सुरतेच्या डॉक्टरांसमोर त्याचं नाव का घेतलं नाही? तर त्यांनी त्याला नावं ठेवली असती. परक्या गावात आपल्या माणसाची बेअब्रू कशाला? वा जिभाऊ! सुरतेहून आल्यावर गावच्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुठं होतात? तुम्ही म्हणालात, धाकल्याकडे. तेवढं खोटं नव्हतंच म्हणा.

आणि आम्ही? मला नंदुरबारचं औषध माहीत, धाकल्याला सुरतेचं, मायला गावचं. एका घरातली माणसं, रोज एकमेकांशी बोलणारी. पण तुम्ही ज्याला जे सांगितलं ते त्यानं पोटात ठेवलं. तुमचीच शिकवण. तुम्ही गेल्यावर, एका परक्या मुलीनं ओसरीवर कागद पसरला तेव्हा कुठे आम्ही तिघं एकत्र बोललो. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कोणावर रागवावं तेच कळेना, म्हणून तुमच्यावरच रागावले.

तो खोकला तरी आठवतो का? हिवाळ्यात तुम्ही रात्री उठून बसायचे, आडवं झालं की खोकला यायचा. आम्ही म्हणायचो, मिरच्यांचा ठसका आहे. मिरची वाळायला पडली की आपल्याकडे कोण खोकत नाही? सगळं नंदुरबार खोकतं! मिरच्या उचलल्या गेल्या, त्या वाळवायच्या पथाऱ्या रिकाम्या झाल्या, तरी तुमचा खोकला थांबला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, ते छातीत साठलेलं पाणी होतं. होळीच्या सुमारास तुम्हाला बसूनच झोप लागायची. आणि होळीनंतर तुम्ही गेलात.

आता जे सांगते ते नीट ऐका. माय माझ्याशी का बोलत नाही ते यातच आहे.

त्या दिवशी कागद गुंडाळता गुंडाळता डॉक्टरीणबाईची नजर मायच्या पायांवर गेली. तिनं घोट्याजवळ बोटानं दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच. ही पाण्याची सूज, म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मायला नंदुरबारला नेलं, त्याच तुमच्या डॉक्टरांकडे. मशीनवर तपासणी झाली. मायचंही पंपिंग कमी आहे, जिभाऊ. पण लवकर सापडलंय, औषधावर नीट राहील, असं म्हणाले. गुडघ्याच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, हे त्यांनी तिला समोर बसवून दोनदा सांगितलं. मायनं मान हलवली. अगदी तुमच्यासारखी.

डॉक्टरीणबाईचं पुढचं काम असं आहे की जाळ्यात जिथं रेघ नाही, तिथं त्यांची एक सिस्टर फोन करते. याचं त्याला सांगते, त्याचं याला विचारते. त्यानं पेशंट खरंच कमी दगावतात का, तेच त्यांना तपासायचंय. मी म्हटलं, मायचं नाव घ्या. पण मायची सही लागते, आणि कोणाकोणाकडून औषध घेते ते तिनंच सांगावं लागतं. मायनं कानावर हात ठेवले. "मी कोनंच नाव सांगाव नही."

सूज थोडी उतरली आणि परत चढली. मी ताटातलं मीठ बघितलं, पाणी बघितलं. सगळं बरोबर. मग परवा फडताळातला डबा काढताना मागे एक पट्टी दिसली. लाल गोळ्या, तुमच्या उशाशी असायच्या आणि मी ताकदीच्या समजायचे त्याच.

मी मायचा हात धरला आणि तडक गावच्या दवाखान्यात गेले. संध्याकाळची वेळ, बाकावर चार-पाच माणसं. माय पदर ओढतेय, कुजबुजतेय, "सुमन, घर चाल, लोकं दखी ऱ्हायनात." मी ऐकलं नाही. ती पट्टी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. मायचं हार्ट, नंदुरबार, पाण्याची गोळी. आणि मग तुमचंही. नंदुरबार, सुरत, 'मीच मेडिकलवरतीन लेस', सगळं.

डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून खाली ठेवली. म्हणाले, "जिभाऊंना हार्टचा त्रास होता? मला तर ते म्हणायचे, वय झालं. पायाची सूज मी गुडघ्यामुळेच धरून चाललो." मग ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट करत बसले. तुम्हाला खांदा द्यायला सगळ्यात पुढे तेच होते, माहीत आहे ना? मान वर न करता म्हणाले, "मीच देत होतो. सुमनताई, मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, जिभाऊ. ज्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही जीव गेला तरी तोंड उघडलं नाही, त्याला आता किती वाईट वाटतंय ते बघायला तुम्ही हवे होतात. चार शब्द बोलला असतात तर दोन दिवस रुसला असता तो! फार तर नमस्कार टाळला असता. आता तो रुसणार कोणावर?

मग त्यांनी माझ्याकडून नंदुरबारच्या डॉक्टरांचा नंबर घेतला आणि तिथंच, पेशंट बसलेले असताना, फोन लावला. पहिल्यांदाच बोलत होते ते दोघं. गुडघ्याला वरून लावायचं काय द्यायचं, शेक कसा द्यायचा, किडनीची तपासणी कधी करायची, असं बराच वेळ चाललं होतं. मी तिथंच उभी राहून ऐकत होते आणि मला रडू आवरेना. एवढंच करायचं होतं? एवढंच?

घरी येताना माय माझ्या पुढे पुढे चालत राहिली. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "मरेल मानूसले खोटं पाडं तू. चार लोकंसमोर." तेव्हापासून अबोला.

तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तुमच्या नावावर गावात एक डाग नव्हता, तो मी लावला. आता बाकावरची ती माणसं घरोघर सांगतील, जिभाऊ डॉक्टरांना फसवत होते. तुम्ही असतात तर काय केलं असतं? माझं बोलणं त्यांना गोड करून सांगितलं असतं. मला ते येत नाही. माझ्यावर रागावलात का? रागवा. मीही रागावलेय तुमच्यावर, आणि रोज संध्याकाळी दाराकडे बघतेही.

आज सकाळी, तो चहा आदळून झाल्यावर, मी मायच्या पुढ्यात खाली बसले. पाय बघायचा होता. वाटलं, आता झिडकारेल. तिनं तोंड भिंतीकडेच ठेवलं. पण पाय पुढे केला. मी घोट्याजवळ बोट दाबलं. खड्डा पडला, पण लगेच भरला.

तेव्हा जिभाऊ, मी तुम्हाला शब्द देते. मायचं जे काही असेल ते मी या डॉक्टरचं त्या डॉक्टरला सांगणार. गावात सांगणार, नंदुरबारला सांगणार, सुरतेत धाकल्याला सांगणार. सहीसाठी तिच्या मागे लागणार. कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे. मायनं जन्मभर माझ्याशी अबोला धरला तरी चालेल मला. पण तो जन्म मोठा असू दे.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच
सुमन