आठे, तठे आणि उजवा गुडघा

४ नोव्हें. मेहरूण.
कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा सराव. झिपरी आज कापडी बोगदा सोडून भलतीकडेच. मी "तठे!" ओरडले, म्हणजे तिकडे जा, तर ती वळून माझ्याकडे. तिला चुकवायला जागच्या जागी गर्रकन फिरले. बूट मातीत रुतलेला, गुडघा एकटाच फिरला. कट्ट.

५ नोव्हें.
सूज. झिपरीचे मालक भाऊ, कापडदुकानवाले, बघून गेले. "नाशिकच्या शर्यतीला तीन आठवडे. तिच्यासोबत धावशील की नाही ते सांग. नाहीतर पुण्याच्या ट्रेनरकडे देतो, कायमची." "धावेन." माझं तोंड पायांच्या आधी पळतं.

८ नोव्हें.
फिजिओ मॅडम धुळ्याच्या. भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, एका पायावर उभं राहणं, पायरीवरून हळू उतरणं. वळताना बारीक पावलं. "कुत्रीला वीस मिनिटं गरम करतेस आणि स्वतः चहा पिऊन पळतेस? तू काय ट्रॅक्टर शेस का?"

१२ नोव्हें.
तीन दिवस व्यायाम नाही. दोंडाईच्याला गेले होते, काम काहीच नव्हतं. वाळत घातलेल्या मिरच्या बघत बसले, लाल लाल, शिंका. नोकऱ्याही अशाच सुटल्या माझ्या. ही सुटायला नको. झिपरी तर...

१५ नोव्हें.
मॅडमना जुना व्हिडिओ दाखवला. दोनदा बघून हसल्या. "अगं, आठे न तठे! 'इकडे' अन् 'तिकडे', दोन्हीत 'ठे'. तुला दम लागला की तिला नुसतं 'ठे' ऐकू येतं. मग तू अंग पिळून दिशा दाखवतेस, अन् गुडघा जातो." घरी बठ्ठे, म्हणजे सगळेच, असंच बोलतात, मला कधी खटकलं नाही. 'तठे' बंद. आता 'दूर'.

२० नोव्हें.
झिपरी 'दूर' ऐकून खाली बसते, माझ्या तोंडाकडे बघते. बिस्किटं संपली. पायरी रोज करते, उतरताना कळ आहेच.

२४ नोव्हें.
आज जमलं. आधी दोघींनी अंग गरम केलं. पाचही वेळा 'दूर' म्हटल्यावर सरळ बोगद्यात. शेवटच्या वळणाला मीच लंगडले, थांबले. भाऊ कडेला होते. गंमत म्हणून त्यांनीच ओरडून बघितलं, "दूर!" गेली. माझ्याकडे न बघता.
भाऊ खूश. "वा! आता कोणाचंही ऐकेल ही."
नाशिकचं विचारणार, तोवर ते फोन काढून बाजूला गेले, पुण्याला लावायला असणार.
घरी येऊन पायरीवरून दहा वेळा उतरले. मग आणखी दहा.